नावाच्या वर की खाली

पांडुरंगरावांचं बोट खाली गेलं. झालं ते एवढंच. मुरारच्या त्या पॅथॉलॉजीत, सकाळी अकराला, लोखंडी बाकावर माझ्या शेजारी बसून त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला, स्वतःच्या नावावर बोट टेकवलं आणि ते सरळ खाली, पुढच्या आकड्यावर नेलं. “हे बघ. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट एक. तरीच म्हटलं, जिना चढताना दम का लागतो.” नऊ पॉइंट एक त्यांचं नव्हतंच. त्यांचं तेरा पॉइंट आठ, ते नावाच्या वर होतं, हिरव्या रंगात. खालचं नऊ पॉइंट एक त्यांच्या सुनेचं, आणि सुनेचं नाव त्या आकड्याच्याही खाली. मला हे नक्की माहीत होतं, कारण ती स्क्रीन मी काढलेली आहे. माझा धंदाच तो. मोबाइलवरच्या पानात कुठली गोष्ट कुठे बसेल, कुणाशेजारी बसेल, मध्ये किती जागा सुटेल, हे मी ठरवतो आणि गेली सतरा वर्षं त्यावर माझं घर चाललं आहे. पांडुरंगरावांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं. मी म्हटलं, “सर, तुमचा आकडा वरचा. खालचा सूनबाईंचा.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, परत उतरवला. “मग नाव खाली कशाला लिहिलंय? नाव आधी असतं. पेपरवर आधी नाव घाला म्हणून किती ओरडायचो मी तुम्हा लोकांना.” मग त्यांच्या ध्यानात आलं की रक्त सुनेचं कमी आहे, आणि ते घरी फोन लावायला उठून बाहेर गेले. मी हसलो. खरं सांगतो, आधी मी हसलोच. म्हातारी माणसं, म्हटलं, चालायचंच.

हसू अजून ओठांवर होतं आणि मनात प्रश्न आला. बोट खाली का गेलं? मास्तर हुशार माणूस, पंचाऐंशीच्या घरात आहेत पण अजून वर्तमानपत्रातलं कोडं पेनानं सोडवतात. माझ्या मोबाइलवर त्या पानाचा नमुना काढून मी त्यांच्यासारखं वाचून बघितलं, म्हणजे काही माहीत नसल्यासारखं, आणि माझंही बोट खाली गेलं. डोळा अक्षरं मागाहून वाचतो, आधी अंतर वाचतो. जे जवळ ते एकमेकांचं, जे लांब ते परक्याचं. रेघ ओढायला नको, चौकट नको, नुसती जागा सोडली की दोन घरं वेगळी होतात. हे मी नव्या मुलांना शिकवतो, थोडं मिजाशीतच शिकवतो. या पानावर मी मुळात आकडा मोठा घेतला होता, त्याच्या खाली आठ पिक्सेलवर नाव, मग चाळीस पिक्सेल मोकळे, मग पुढच्या माणसाचा आकडा. कुणाला चुकायची सोय नव्हती. मग शेवटच्या दिवशी युवराजचा फोन आला. युवराज म्हणजे या लॅबचं ॲप सांभाळतो तो, आपल्यातलाच, पण दोन शब्द मराठीत बोलला की तिसरा हिंदीत. “सर, दो लोगों की रिपोर्ट एका स्क्रीनवर यायला पाहिजे. स्क्रोल कोई करता नहीं. आणि वरती फुल बॉडी चेकअपचं बॅनरपण बसवायचंय.” मी चाळीसाचे आठ केले. चहा पिता पिता केले, एका हातानं. आता नाव वरच्या आकड्यापासून आठावर आणि खालच्यापासूनही आठावर. दोघांच्या बरोबर मधे, आणि कुणाचंच नाही. मला ते दिसलं नाही, कारण मला उत्तर आधीच ठाऊक होतं.

आणि तेव्हा मला आई आठवली. आई आणि वनूआत्या. तेरा दिवसांपूर्वी याच लॅबची बाई दाना ओलीत, आईच्या घरी जाऊन दोघींचं रक्त घेऊन आली होती, मीच पाठवली होती, म्हटलं दोघींचं एकदमच होऊन जाऊ दे. नोंदलेला नंबर माझा. संध्याकाळी आईनं तिच्या मोबाइलवर ॲप उघडलं, मी तिला फोनवर ओटीपी सांगितला, आणि दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. “माझी शुगर निघाली रे. वन्संचं सगळं ठीक आहे.” मी विचारलं, किती? म्हणाली, थोडी आहे, तू काळजी करू नको. मी काळजी केली नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेतो म्हणालो, पुढचा आठवडा आला नि गेला. रिपोर्टचा तो निरोप माझ्याही मोबाइलवर आलेला होता आणि मी तो उघडलासुद्धा नव्हता. दिवसभर तेच पान डोळ्यांसमोर असतं, आईसाठी पुन्हा कोण उघडतो? आता मी लोखंडी बाकावर बसून तो उघडला. वर लाल रंगात तीनशे अठरा. त्याखाली आठ पिक्सेलवर वनमाला. त्याखाली आठ पिक्सेलवर, हिरव्यात, एकशे चार. त्याखाली कुसुम, म्हणजे आई. आईनं काय केलं असेल ते मला लख्ख दिसलं. तिनं आधी आत्याचं नाव शोधलं असणार, कारण दुसऱ्याचं आधी बघायचं हा तिचा शिरस्ता. नावाखाली एकशे चार बघून तिला बरं वाटलं असणार. आणि मग उरलेला आकडा उरलेल्या माणसाचा, असा सरळ हिशेब तिनं केला असणार. शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलेली बाई. हिशेब चुकला नव्हता. पान चुकलं होतं.

शुगर बाबांच्या घरातली आहे, हे घरात कुणाला ठाऊक नाही? बाबांच्या पायाचं बोट काढलं होतं, मग दुसरं, मग पाऊल, आणि मग शरच्चंद्र हे नाव आम्हाला भिंतीवरच्या फोटोखाली लिहावं लागलं. आत्या त्यांची सख्खी बहीण. आईच्या माहेरी सात पिढ्यांत कुणाला शुगर नाही, नव्वदीपर्यंत श्रीखंड ओरपणारी माणसं ती. तरी आम्हा तिघांपैकी एकालाही शंका आली नाही, कारण मोबाइलवर लिहून आलं होतं. लिहून आलेल्यावर आमच्या घराचा फार विश्वास. मी आईला फोन लावला. वाजत राहिला. ती फोन चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत असते, आणि आत्याकडे जो आहे त्याचा आवाज तिनं कधीच बंद करून ठेवला आहे. मी युवराजकडे गेलो, त्याच्या काचेच्या खोलीत. त्याला सांगितलं, ते पान आत्ताच्या आत्ता बंद कर, निदान नाव वर घे. तो खुर्चीत मागे रेलला. “सर, स्पेसिंगच तर आहे. मंडेला नवीन व्हर्जन जातंय ना, उसी में कर देंगे.” मी म्हटलं, माणसं दुसऱ्याचे आजार घेऊन घरी चालली आहेत. तो म्हणाला, “पण कम्प्लेंट एकही नाही आली.” कशी येईल? ज्याला दुसऱ्याची चांगली रिपोर्ट मिळाली तो तक्रार करत नाही, आणि ज्याला वाईट मिळाली तो देवाची करतो. मी त्याच्या टेबलावर माझा लॅपटॉप उघडला, आठाचे पुन्हा चाळीस केले, नाव आकड्याच्या वर घेतलं, भोवती चौकटही टाकली, मला न आवडणारी जाड चौकट, आणि म्हटलं, हे दुपारच्या आत चढलं नाही तर मी तुझ्या मालकांना स्वतः भेटतो, आणि गेल्या तीन महिन्यांत ज्यांनी ज्यांनी हे पान उघडलं त्या प्रत्येकाला फोन गेला पाहिजे. माझा आवाज चढला होता. तो आवाज युवराजसाठी नव्हता, पण त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मी स्कूटर काढली. जानेवारीतलं ऊन, वरून ऊब आणि खाली चाकातून गार वारा. मुरारहून लष्करात, म्हणजे शहराच्या आमच्या भागात, जायला अर्धा तास, पडावाच्या पुलावर अडकलात तर पाऊण. मी अडकलो. पुढे एक ई-रिक्षा आडवी, तिच्यामागे ट्रॅक्टर, त्याच्यामागे मी, आणि माझ्या डोक्यात आत्याचा पाय. मागच्या रविवारी तिच्या अंगठ्याला पट्टी होती. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपले रे, म्हणाली, सकाळी बघते तर फोड, आणि रात्रभर मला पत्ता नाही. सांगताना ती हसत होती. मीही हसलो. पायाला भाजलेलं कळत नाही म्हणजे काय, हे बाबांच्या वेळी डॉक्टरांनी मला उभं करून समजावलं होतं, मला शब्द न् शब्द पाठ आहे, तरी मी हसलो, कारण आत्याची शुगर एकशे चार होती. बघा, एकदा एक गोष्ट एका खणात टाकली की डोळे दुसरीकडे बघेनासे होतात. तिला सारखी तहान लागत होती, ती म्हणाली थंडीतली हवा कोरडी आहे. ती दुपारी बसल्या बसल्या पेंगत होती, मी म्हटलं वय झालं. आणि या सगळ्यावर गजक, तिळागुळाची ती खुसखुशीत पट्टी.

गजकाचं सांगायला हवं. आत्या आणि आई एकोणीस वर्षं एका घरात वेगळ्या जेवत होत्या. घर म्हणजे काही मोठं नाही, बाबांनी बँकेचं कर्ज काढून बांधलेले दोन मजले, खाली आई, वर आत्या, मध्ये अठरा पायऱ्या. आत्यानं लग्न केलं नाही. तारघरात नोकरी केली, मला आणि माझ्या बहिणीला, राजलक्ष्मीला, न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, आमच्या परीक्षांना दही दिलं. आणि मग राजलक्ष्मीचं लग्न झालं, मांडव उतरला, आणि आठव्या दिवशी आत्यानं वर स्वतःचा गॅस घेतला. बोलणं बंद नव्हतं. वीज गेली का, पाणी आलं का, इतपत होतं. पण ताट वेगळं. सणालासुद्धा आई वर ताट झाकून पाठवायची आणि आत्या ते घासून परत पाठवायची, कधीकधी त्यात चार वड्या घालून. मग तेरा दिवसांपूर्वी आईनं जिन्यात उभं राहून वर सांगितलं की मला शुगर निघाली, आणि आत्या पंधरा मिनिटांत मेथीची भाजी घेऊन खाली उतरली. “वहिनी, आजपासून तुमचं मी बघते. शरदचं मी केलंय, मला सगळं माहीत आहे.” आई म्हणाली, “मग इथेच जेवा.” आत्या जेवली. दुसऱ्या दिवशीही. संक्रांत झाली, मुरैन्याहून आईच्या जुन्या विद्यार्थ्यानं गजकाचे दोन डबे आणून दिले, दरवर्षी देतो, आणि आईचा गजकावर फार जीव. तिनं डबा उघडला, वास घेतला, आणि पट्टी उचलून आत्याच्या ताटात ठेवली. माझ्या वाट्याचं तुम्ही खा, वन्सं, तुमचं बरं आहे. तेव्हापासून रोज दोन पट्ट्या, एक आत्याची आणि एक आईच्या वाट्याची. मागच्या रविवारी मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि मला रडू आलं. एकोणीस वर्षांनी माझ्या घरात दोन बायका एका टेबलावर बसून एकमेकींच्या ताटात वाढत होत्या. मी मनात त्या रिपोर्टचे आभार मानले होते.

फूलबागेपाशी सिग्नलला थांबलो आणि खोटं बोलायची तयारी सुरू झाली. माझ्या डोक्याला ती सवय आहे, आधी शब्द जुळवतो. सांगायचं, लॅबवाल्यांनी घोळ केला, बाटल्यांची अदलाबदल झाली. कोण विश्वास ठेवणार नाही? या शहरात कुणीही कुणाबद्दल घोळ केला म्हटलं की लोक मान डोलावतात. नाहीतर सांगायचं, आई, तू वाचण्यात गफलत केलीस. तेही खपलं असतं. खोटं कुठे, गफलत तर झालीच होती. आमच्या धंद्यात याला वापरणाऱ्याची चूक म्हणतात आणि त्याची नोंद करून पुढे जातात. मागचा ट्रक भोंगा वाजवत होता. मी पुढे गेलो, आणि जयेंद्रगंजच्या चढाला माझ्या लक्षात आलं की ही तयारी मी आयुष्यात दुसऱ्यांदा करतो आहे.

राजलक्ष्मीच्या लग्नाची पत्रिका मी केली होती. तेवीस वर्षांचा होतो, कोर्स करून नुकताच घरी आलेलो, आणि दाना ओलीतल्या प्रेसमध्ये मालकानं मला कॉम्प्युटरवर बसू दिलं. आयुष्यात छापून आलेली माझी पहिली मांडणी ती. खाली निमंत्रकांची नावं. बाबा आणि आई. मधुसूदनकाका आणि काकू. सूर्याजीमामा आणि मामी. जोडीला जोड, दोन सरळ रांगा, आणि मग आत्याचं नाव. एकटं. डावीकडे ठेवावं तर उजवीकडे भगदाड, मधे ठेवावं तर रांग मोडल्यासारखी. मी ते तीन-चारदा हलवून बघितलं. जोड्यांमध्ये ते नाव वाकडं दिसत होतं, हे मला आजही आठवतं, आणि वाकडं हा शब्द तेव्हा माझ्या मनात आला होता तोही आठवतो. मग मी ते उचललं आणि खाली, थोडी जागा सोडून, बारीक अक्षरांत जिथे लांबचे चुलते आणि बाबांच्या ऑफिसातले दोघे होते, त्या ओळीत टाकलं. पान एकदम शांत झालं. प्रेसवाला म्हणाला, वा, क्या सेटिंग है. आईनं कच्चं पान वाचलं होतं खरं, पण ती तारीख आणि मुहूर्त बघत होती, आणि तिनं सही केली. ज्या बाईनं नवरीचे केस पंचवीस वर्षं विंचरले तिचं नाव परक्यांत छापलं गेलं, आणि मांडवात सातशे माणसं जेवून गेली. वर्षभरानंतर कधीतरी आत्यानं मला वरच्या खोलीत चहा देताना विचारलं होतं, “पत्रिका वहिनींनी वाचून दिली होती ना रे?” मी हो म्हटलं. दोन अक्षरं. आणि खोटंही नव्हतं.

तर हे असं आहे. गेली सतरा वर्षं मी लोकांना जवळ काय ठेवायचं आणि लांब काय हे शिकवत हिंडतो आहे, परिषदांत बोलतो, आणि माझ्या आईनं माझ्या एका ओळीपायी अठरा पायऱ्यांची शिक्षा भोगली. तिला कारणही कळलं नाही. तिला वाटायचं, वन्संचा स्वभावच तसा. कधीकधी ती जिन्याच्या खाली उभी राहून वर बघायची, कपबशी हातात घेऊन, आणि मग ती कपबशी परत आत न्यायची. मी हे पाहिलं आहे. पाहून मी माझ्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला आहे. मला स्वतःची चीड येत होती आणि त्या चिडीतही एक हिशेब चालूच होता, की आज खरं सांगितलं तर आत्या पुन्हा वर जाईल. ज्या चुकीनं त्या खाली जेवायला बसल्या ती चूक मी पुसणार, आणि पुसल्यावर तिथे काय उरणार? आत्याचा पाय वाचवायचा तर ताट मोडायचं, असं काहीतरी डोक्यात घुमत होतं, आणि दाना ओलीच्या तोंडाशी भाजीच्या हातगाडीला मी धडकता धडकता वाचलो. गाडीवाल्यानं मला शिवी दिली. मला ती योग्य वाटली.

स्कूटर लावून आत गेलो तेव्हा दोघी जेवत होत्या. साडेबारा. टेबलावर भाकरी, मेथी, आईच्या पुढ्यात कारल्याचा रस, चेहरा वाकडा करून प्यायची ती, आणि मधे गजकाचा डबा, झाकण काढलेलं. आईच्या हातात पट्टी होती आणि ती आत्याच्या ताटाकडे चालली होती. मी म्हटलं, “आई, ते नको देऊस.” आई थांबली. “अरे, तू यावेळी? काय झालं?” मी उभाच होतो, हेल्मेट हातात. म्हटलं, शुगर तुला नाही. आत्याला आहे. तीनशे अठरा. आत्याचा घास हातात होता, तिनं तो तोंडात घातला आणि सावकाश चावला. आईनं मोबाइल मागितला. चष्मा लावला, ते पान उघडलं, बोट ठेवलं, आणि मी पाहिलं, तिचंही बोट खाली गेलं. “हे बघ ना. वनमाला, एकशे चार.” मी तिचं बोट धरून वर नेलं. तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं गजकाची पट्टी डब्यात परत ठेवली आणि तिचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. “माझंच चुकलं वाचण्यात,” ती म्हणाली. “मी वन्संना रोज दोन-दोन... माझ्या हातानं घातलं मी. डोळे गेले रे माझे.”

तिनं मला सुटकेचं दार उघडून दिलं होतं, नेहमीसारखं. मला नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलो असतो तर ते संध्याकाळपर्यंत खरं होऊन गेलं असतं, आई आयुष्यभर ते स्वतःच्या डोळ्यांवर घेऊन बसली असती. “तुझे डोळे नीट आहेत,” मी म्हटलं. “ते पान मी काढलंय. मी जागा कमी केली. आज पांडुरंगरावांनीही तेच वाचलं, आणखी किती जणांनी वाचलं असेल देव जाणे. तू नाही चुकलीस, आई, मी चुकलो.” आणि एकदा सुरू झालं ते थांबेना. मी आत्याकडे वळलो. म्हटलं, “आत्या, राजूच्या पत्रिकेतही तुझं नाव खाली मीच टाकलं होतं. आईनं नाही. आईला माहीतही नव्हतं. रांग सरळ दिसावी म्हणून मी तुला खाली टाकलं.” आईनं मान वर केली. “कुठली पत्रिका?” तिनं विचारलं. खरंच तिला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं ती कशासाठी जिन्याखाली उभी राहत होती, हे तिला त्या क्षणी, माझ्या तोंडून, हातात मोबाइल धरलेला असताना कळलं.

आत्यानं ताटातली मेथी एका बाजूला ओढली. “मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. मला वाटलं, शुगरचं म्हणते आहे. “पत्रिकेचं. प्रेसवाल्यानं त्याच आठवड्यात सांगितलं होतं, तुमच्या भाच्यानं काय सुंदर सेटिंग केलंय म्हणून. आनंदानं सांगत होता बिचारा.” मी विचारलं, मग आईवर का? मग मला तो चहाच्या वेळचा प्रश्न कशाला विचारलास? “बघत होते, सांगतोस का.” ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, भाकरीचा तुकडा मोडत. “तुझ्यावर रुसले असते तर तू वर यायचा बंद झाला असतास, सुश्रुत. मला कोण होतं दुसरं? कुणावर तरी राग काढायला हवा होता. वहिनी कुठे जाणार होत्या?”

बाहेर कुणीतरी हातगाडीवर मटार ओरडत होता, तो गेला. मी आईकडे बघायला घाबरत होतो. ती उठली, डब्याला झाकण लावलं, डबा कपाटात ठेवला. मग ती आत्याच्या खुर्चीपाशी गेली आणि तिथे वाकून खाली बसली, गुडघे धरत, कारण तिचे गुडघेही आता ऐकत नाहीत. “पाय इकडे करा.” आत्या म्हणाली, अहो, राहू द्या. आईनं ऐकलं नाही. मोजा काढला, पट्टी सोडली. अंगठ्याची कड काळसर झाली होती आणि वास येत होता, हलकासा, बाबांच्या खोलीत यायचा तसा. आम्ही तिघांनीही तो ओळखला. “दुखतं?” आईनं दाबून विचारलं. आत्या मान हलवून नाही म्हणाली, आणि त्या नाहीमुळे पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर भीती आली. तिचे ओठ हलायला लागले. “शरदसारखं होणार का हो माझं, वहिनी?” आई म्हणाली, “होऊ द्यायचं नाही.” मग, पट्टी गुंडाळता गुंडाळता, वर न बघता, “एकोणीस वर्षं, वन्सं. एकदा मला विचारायचं होतं.” आत्या म्हणाली, “हो. विचारायचं होतं.” आईनं तिला मोजा घातला, चपलेत पाऊल बसवलं आणि टेबलाला धरून उठली.

मी म्हटलं, मी डॉक्टरांना फोन लावतो, दौलतगंजलाच आहेत, दुपारी बसतात, चला, मी नेतो. खिशात मोबाइल थरथरला, युवराजचा निरोप असणार, मी बघितला नाही. आई आतून शाली घेऊन आली, एक आत्याच्या खांद्यावर टाकली, एक स्वतःच्या. पर्स घेतली, आत्याची जुनी औषधं एका पिशवीत घातली, बाबांच्या वेळची फाइलही घेतली. हे सगळं तिनं माझ्याशी एक शब्द न बोलता केलं. रागावली आहे असंही दिसत नव्हतं. मी दारात आडवा होतो म्हणून ती थांबली, एवढंच. “तू राहू दे,” ती म्हणाली. “आम्ही जातो दोघी.” मी म्हटलं, अगं पण आत्याला धरायला कुणी, पायऱ्या आहेत तिथे. “मी आहे ना.” आत्यानं माझ्याकडे पाहिलं, पूर्वी परीक्षेला जाताना पाहायची तसं, आणि मला वाटलं ती म्हणेल, येऊ दे त्याला. ती म्हणाली, “जेवून घे, भाकरी झाकलेली आहे.” आईनं तिच्या काखेत हात घातला आणि त्या ओट्यावरून खाली उतरल्या, सावकाश, एकीचे गुडघे आणि एकीचा पाय सांभाळत. नाक्यावर ई-रिक्षा उभी होती. मी मागोमाग गेलो, रिक्षाचा दांडा धरला, आत्याला चढवायला हात पुढे केला, तोपर्यंत ती चढली होती. दोघी मागच्या सीटवर खेटून बसल्या, एकच शाल दोघींच्या मांडीवर ओढून. समोरची सीट रिकामी होती. आईनं तिच्यावर पिशवी ठेवली आणि रिक्षावाल्याला चल म्हणाली.